आईला समुद्र दाखवला, त्याची गोष्ट

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. थोडी काटछाट माझीच.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’. वाटचाल फार काही नाही. सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून डिग्री घेतली, पुण्याला गेले, तिथेच आहे. खुर्ची बदलली, कंपनी दोनदा बदलली, चष्म्याचा नंबर चारदा बदलला. झाली वाटचाल. उरलेल्या वेळात मी तुम्हाला एका फोटोबद्दल सांगणार आहे.

तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मे २०२३ च्या शेवटी मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला होता. पांढरी वाळू, निळंशार पाणी, त्यात गुडघाभर उभी असलेली माझी आई, एका हातात पदर, एका हातात चपला. खाली मी लिहिलं होतं, ‘फायनली! आईचा पहिला समुद्र. मॉरिशस.’ आणि हॉटेलचं नाव. तुम्ही अंगठे दिले, हात जोडले. एकीने लिहिलं, ‘अशी मुलगी सगळ्यांना मिळो.’ कोणी लिहिलं ते मला आठवतं, पण नाव घेत नाही.

त्या फोटोत एक गोष्ट खोटी होती. ती कोणती, ते मी शेवटी सांगणार होते, पण माझ्याच्याने धीर धरवणार नाही. तो किनारा त्या हॉटेलचा नव्हताच. हॉटेलपासून गाडीने दीड तासावर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेला तो सार्वजनिक किनारा होता. तिथे तिकीट नाही, काही नाही. कोणीही जावं.

आता पहिल्यापासून सांगते.

आपण वर्ध्याचे लोक. समुद्र आपल्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. आपल्यातल्या किती जणांनी दहावीपर्यंत समुद्र पाहिला होता? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. माझे बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. त्यांनी एकदा ठरवलं होतं. जानेवारी १९९३, विदर्भ एक्सप्रेस, पुलगावहून मुंबई, चार तिकिटं. चौपाटी दाखवणार होते. मग डिसेंबरमध्ये काय झालं आणि जानेवारीत मुंबई कशी जळत होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिकिटं रद्द झाली. बाबांनी ती रद्द केल्याची पावती बरीच वर्षं पाकिटात ठेवली होती. २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा ती आईला सापडली.

तुम्ही म्हणाल, पुण्याहून अलिबाग साडेतीन-चार तास, एखाद्या रविवारी नेलं असतंस. खरं आहे. बावीस वर्षं मी पुण्यात आहे आणि त्या बावीस वर्षांत आई दरवर्षी महिनाभर माझ्याकडे येते. दरवर्षी ‘जाऊ, जाऊ’ व्हायचं. पण बाबा गेल्यावर माझ्या डोक्यात बसलं की आता दाखवायचा तर असातसा नाही. एवढा उशीर केलाय, तर तो उशीर शोभला पाहिजे. निळा समुद्र पाहिजे, परदेश पाहिजे, पासपोर्टवर शिक्का पाहिजे. त्यात आईची हौस किती होती आणि माझी किती, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही.

हॉटेल निवडलं मी, एकटीने. नवऱ्याला हात लावू दिला नाही. कारण हे माझं काम आहे. मी गेली बारा वर्षं प्रवासाच्या बुकिंगची जी संकेतस्थळं असतात, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. ती यादी कशी लागते, वर कोण येतं, खाली कोण ढकललं जातं, हे मला आतून माहीत आहे. ‘आमची शिफारस’ या क्रमात हॉटेल चांगलं आहे एवढंच बघत नाहीत, ते संकेतस्थळाला कमिशन किती देतं तेही बघतात. ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ असं लाल अक्षरात येतं ना, त्याचा अर्थ हॉटेलात दोन खोल्या उरल्यात असा बहुतेक वेळा नसतो. त्या संकेतस्थळाच्या वाट्याला दिलेल्या खोल्यांपैकी दोन उरल्यात, एवढाच असतो. आणि काट मारलेली जी मोठी किंमत दाखवतात, त्या किमतीला ती खोली कोणी घेतलीच असेल असंही नाही.

हे सगळं माहीत असलेली बाई रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर बसून ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ वाचते आणि तिच्या छातीत धडधडतं. मी कार्ड काढलं. परतावा नसलेला पर्याय घेतला, कारण तो अकरा हजारांनी स्वस्त होता. त्या लाल ओळीसारखी एक ओळ मी स्वतः २०१६ मध्ये दुसऱ्या एका संकेतस्थळासाठी लिहिली होती. माझ्या लेखी ते पाच-सहा तासांचं काम होतं.

गुण दहापैकी ८.४ होते. सरासरी. आपल्या गणिताच्या सरांनी फळ्यावर लिहून शिकवलं होतं की नदीची सरासरी खोली तीन फूट म्हणून उतरणारा माणूस बुडतो. पण गणिताचं सोडा. भूगोलाचे सर समोर बसले आहेत, त्यांची मी आज जाहीर माफी मागते.

सर, तुम्ही आम्हाला वारे शिकवले. नकाशात बाण काढायला लावलेत. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे. सहामाहीत मला त्या नकाशाला पैकीच्या पैकी होते. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, मे महिन्यात तिथे हिवाळा सुरू होतो, आणि हिवाळाभर हे वारे बेटाच्या पूर्वेच्या बाजूवर येऊन आदळतात. पश्चिम किनारा तेव्हा शांत असतो. आणि मी हॉटेल घेतलं कुठे? पूर्व किनाऱ्यावर. अगदी वातसन्मुख. तिथे खोल्या स्वस्त का झाल्या होत्या, हे मला बाण काढणाऱ्या मुलीला कळायला हवं होतं.

मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास. आम्ही पाच जण. मी, नवरा, दोन मुलं आणि आई. आर्वीहून निघताना त्रेचाळीस डिग्री होतं. आईने सुती पातळं घेतलेली. विमानतळावरून हॉटेलपर्यंत दोन्हीकडे ऊस. उसाच्या शेतात मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, घराएवढे. आईने विचारलं, हे काय? ड्रायव्हर म्हणाला, जमीन साफ करताना हातांनी काढलेले दगड आहेत. जुन्या मजुरांनी काढलेले. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मला हॉटेल गाठायचं होतं.

हॉटेलच्या दारात आम्हाला थंड सरबत दिलं आणि गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या. मुलं खूश. मग खोलीकडे निघालो. जिने, रेस्टॉरंट, मग एक लांब बोळ, मग कपडे धुण्याची खोली, मग जनरेटर, आणि जनरेटरला लागून आमची खोली. तळमजल्यावर. बुकिंगमध्ये लिहिलं होतं, ‘अंशतः समुद्र दिसणारी फॅमिली रूम’. अंशतः म्हणजे किती, ते नवऱ्याने शोधून काढलं. व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून कठड्यावरून झुकलं, की सुरूच्या दोन झाडांमधून वहीच्या समासाएवढी निळी पट्टी दिसायची. मुलांनी त्या जागेला ‘समुद्र पॉइंट’ नाव दिलं आणि पाळी लावून पाहू लागली.

कपाट उघडलं आणि भपकारा आला. ओल्या पोत्याचा. छताला नवा रंग दिला होता, पण रंगाच्या खालून बुरशीचे काळे ठिपके परत वर आले होते. एसीतून पाणी गळत होतं, त्याखाली कोणीतरी व्यवस्थित घडी करून टॉवेल ठेवला होता. म्हणजे गळतं हे त्यांना माहीत होतं. आईने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, “चुन्यात मोरचूद टाकाव लागते वं. वरून रंग देऊन काय होते?”

पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद. संकेतस्थळावरच्या फोटोत तलावाशेजारी पामचं एक रोप होतं, कमरेएवढं. मी ते शोधलं. ते आता दोन मजल्यांच्या वर गेलं होतं. तेव्हा मला कळलं की मी काही वर्षांपूर्वीचं हॉटेल बुक केलंय.

आणि समुद्र. तो होता. कोणी नाही म्हणणार नाही. पण काठावर समुद्री शेवाळाचा गुडघाभर ढीग, कुजत आलेला, आणि वारा असा की वाळू गालाला टोचत होती. आईला पहिल्यांदा समुद्रासमोर उभं केलं तेव्हा ती माझी शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेऊन उभी होती. मी मोबाईल काढला होता, तिच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घ्यायला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा बाबांबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, “आपल्याकडं माणसं सावली शोधून राह्यली, अन् मले इथं स्वेटर लागून राह्यलं. चाल आत.” तो व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे. तो मी ग्रुपवर टाकला नाही.

त्या रात्री मी आणि नवरा भांडलो. मुलांसमोर नाही, त्या जनरेटरजवळ उभं राहून, म्हणजे तसंही कोणाला ऐकू जाणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “तुझं तर हेच काम आहे ना?” मी सगळा राग रिसेप्शनवर काढला. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं की हॉटेल पूर्ण भरलंय, आणि बुकिंगमध्ये ‘अंशतः’ हा शब्द आहे. होता. बारीक अक्षरात होता. सगळा खर्च मिळून चार लाखांच्या वर गेला होता, आणि मी त्या मुलाशी एका विशेषणावरून वाद घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडायला एक बाई आली. माझ्याच वयाची. आई अंथरुणावर बसून पोथी वाचत होती. त्या बाईने पोथीकडे पाहिलं, अक्षरांवर बोट ठेवलं आणि सावकाश, लहान मूल वाचतं तसं, दोन शब्द वाचले. मग म्हणाली, “तुमी मराठी?”

मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत हे मला साधारण माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या खोलीत झाडू घेऊन उभं असणं वेगळं. घरी ती क्रिओल बोलायची. मराठी शाळेत शिकली होती. तिथल्या शाळांत हा विषय घेता येतो. पूर्वज रत्नागिरीकडून आले होते, त्यापलीकडे गावाचं नाव काही तिला सांगता येईना. पण गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आईने तिला बसवून घेतलं. दोघींची भाषा अर्धीच जुळत होती. आईची वऱ्हाडी तिला कळेना आणि तिची मराठी आईला पुस्तकातली वाटे. तरी अर्धा तास बोलत होत्या. मला त्यातलं फार कळलं नाही, मी परताव्याची मेल लिहीत होते.

जाताना तिने दोन जास्तीच्या रजया आणून दिल्या आणि दाराकडे बघून हळूच सांगितलं, की ही खोली पाऊस आला की गळते, म्हणून सवलतीत बुक करणाऱ्यांना देतात. पलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची मागा. आणि वर, “साहेबाला माझं नाव सांगू नका.” आम्ही मागितली. मिळाली नाही.

तिनेच सांगितलं म्हणून आम्ही हॉटेलचा नाश्ता सोडून रस्त्यावरच्या गाड्यावर दाल पुरी खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीने देतात, आत टोमॅटोचा रस्सा आणि चटणी. आईने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. “ही तर तिखट पुरणपोळी!” चार दिवसांतला मी मनासारखा टिपलेला चेहरा हा. समोर समुद्र नव्हता, एक टायरचं दुकान होतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. आम्ही पोर्ट लुईला गेलो, आप्रवासी घाट पाहायला. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर हिंदुस्थानातून त्या बंदरात उतरले, आणि २००६ पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा, दोनेक दिवस तिथल्या कोठड्यांत राहायचा, आणि मग कुठल्यातरी उसाच्या मळ्यावर. मजुरांची भरती करणारे दलाल गावोगाव सांगायचे की तिकडे दगड उचलला की खाली सोनं सापडतं. ही आठवण मॉरिशसमध्ये पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. त्यांनी दगड उचलले. ते ढीग आम्ही रस्त्याने पाहिले होते.

आई त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “यायलेही कोनी असाच फोटो दाखवला असन.” मला माहीत आहे, आमच्या बुरशीच्या खोलीची आणि त्यांच्या आयुष्याची तुलना करणं बरं नाही. आईनेही केली नव्हती. तिने फक्त दलाल ओळखला. आणि दलालीचं काम आजकाल कोण करतं, हे तिला माहीत नसलं तरी मला माहीत होतं.

तिथेच एक गोष्ट कळली, ती वर्ध्याच्या लोकांना सांगितलीच पाहिजे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी सुमारे तीन आठवडे मॉरिशसमध्ये होते. आणि मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च, १९६८ चा, तो दांडीयात्रेच्या दिवसावरून निवडला, असं तिथे सांगतात. त्याच यात्रेला निघताना गांधीजी म्हणाले होते की स्वराज्याशिवाय साबरमतीला परत येणार नाही, आणि पुढे ते आपल्याकडे आले. आईने लहानपणी पवनारला विनोबांना पाहिलंय. तिने टॅक्सीवाल्याला हे सगळं मराठीत सांगितलं. तो बिचारा मान डोलवत होता.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही टॅक्सी केली आणि पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो. तिथे वारा नव्हता. पाणी काचेसारखं. सुरूच्या सावलीत तिथलीच कुटुंबं डबे घेऊन बसली होती. आई पाण्यात गेली. पाऊण तास बाहेर यायला तयार नव्हती. तिथे मी तो फोटो काढला. काय वाटलं, असं तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, “तुह्या बाबाले पोहता येत नोहतं. मले भीती वाटत असती.” एवढंच.

तो फोटो मी परतताना टॅक्सीतच ग्रुपवर टाकला आणि खाली हॉटेलचं नाव लिहिलं. का लिहिलं? कोणी विचारलं नव्हतं. चार लाख गेले होते, हे एक. आणि आर्वीच्या पोरीने आईला मॉरिशसला नेलं, तर ते नीट झालेलं दिसायला नको का? तेवढी चौकट मला सरळ हवी होती.

निघताना मॅनेजरने स्वतः येऊन दिलगिरी व्यक्त केली, खोली चार तास उशिरा सोडायची मुभा दिली, मुलांना टोप्या दिल्या, आणि टॅबलेट पुढे केला. ‘दोन मिनिटं, मॅडम.’ मी स्वच्छतेच्या रकान्यावर अडले. स्वच्छतेला कमी गुण पडले की ओरडा कोण खातं? मालक नाही खात. झाडू घेऊन पोथी वाचणारी बाई खाते. म्हणून मी स्वच्छतेला दहा दिले. पण मग बाकी रकाने होते. जागा, सुविधा, पैशाचं मोल. तिथे त्या बाईचा काही संबंध नव्हता. तिथेही मी आठ-आठ दिले, कारण मॅनेजर समोर उभा होता आणि टोप्या मुलांच्या डोक्यावर होत्या. ८.४ कसे होतात, ते मी असं आतून पाहिलं. बारा वर्षं नोकरी करून जे कळलं नव्हतं ते.

इथपर्यंत हे माझ्या घरातलं होतं. पुढचं तुमच्याशी संबंधित आहे.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वर्गातल्या एकाचा मला फोन आला. तो इथे बसलाय. त्याने परवानगी दिली आहे, नाव घ्यायचं नाही या अटीवर. लग्नाला वीस वर्षं होत होती, त्याने तीन वर्षं वेगळे पैसे टाकले होते, बायकोला विमानात बसवायचं होतं. म्हणाला, “तू ज्या हॉटेलात गेली होतीस ते कसं आहे? तुझं तर क्षेत्रच ते.” कापसाचा भाव पडलेल्या वर्षात हा माणूस माझ्या शब्दावर पैसे लावणार होता. मला दोन वाक्यं बोलायची होती. ‘तिकडे नको जाऊस, पश्चिमेला घे. आणि मेमध्ये जाऊ नकोस.’ मी म्हणाले, “मस्त आहे. जा बिनधास्त.”

कारण फोटो मी टाकला होता ना.

मे २०२४ मध्ये तो गेला. त्याचे फोटो आले. निळं पाणी, वहिनी टोपी घालून. मी लगेच ओळखलं की ते पाणी पूर्वेचं नाही. अंगठा दिला.

मधल्या काळात आमच्या ऑफिसात एक घडामोड झाली होती, ती सांगते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्या त्यात नाव घेऊन सांगितल्या आहेत. त्यातली एक म्हणजे खोटी घाई. नसलेली टंचाई दाखवून माणसाला पळवणं. आमच्याकडे यादी फिरली, कुठे कुठे असं आहे ते शोधा. मी २०१६ ची माझी ओळ शोधली. ती अजून चालू होती. तिच्यावर माझं नाव आणि तारीख होती. ती मी काढून टाकली, आणि तिच्या जागी खरा आकडा येईल असं लिहिलं. त्यालाही पाच-सहा तासच लागले. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझा हिशेब फिटला. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी फोनवर ‘बिनधास्त जा’ म्हणाले.

आज सकाळी पोह्यांच्या वेळी आम्ही दोघं शाळेच्या जुन्या पाण्याच्या टाकीजवळ उभे होतो. तीस वर्षांनी भेटत होतो, फोन सोडला तर. मी त्याला विचारलं, “एक सांग. तुमच्या खोलीतलं कपाट उघडलं, की...”

त्याने प्लेट टाकीच्या कठड्यावर ठेवली. “ओल्या पोत्याचा वास?”

“तळमजला?”

“जनरेटरला लागून.”

आम्ही इतके हसलो की कॅटरिंगवाला बघायला लागला. मग त्याने विचारलं, “मग सांगितलं काऊन नाहीस?” मी म्हणाले, तू तरी परत येऊन का नाही सांगितलंस? तेव्हा तो जे बोलला ते मी तसंच सांगते. म्हणाला, “तू म्हटलं होतं ना, मस्त आहे. मले वाटलं, मोठी हॉटेलं अशीच असत असतील. आपल्यालेच कळत नसन.”

त्याच्या बायकोलाही तो तेच म्हणाला होता. पाच दिवस दोघं त्या खोलीत राहिले आणि चूक आपलीच समजले.

मी त्याची माफी मागितली. त्याने ‘जाऊ दे ना बाप्पा’ म्हटलं, पण लगेच नाही म्हटलं, थोडं थांबून म्हटलं. ते बरोबर होतं. काल रात्री मी ते गुण बदलायला संकेतस्थळावर गेले होते. मुदत संपली आहे, बदलता येत नाहीत. तो नियम का ठेवतात ते मला माहीत आहे, आणि कोणी लिहिला असेल त्याचाही अंदाज आहे. म्हणून निदान इथे सांगते, ग्रुपवरही आज लिहीन: पूर्व किनारा मेमध्ये नको, ‘अंशतः’ हा शब्द वाचा, फोटोतली झाडं मोजा, आणि मला विचारलंत तर दोनदा विचारा.

पंधरा मिनिटं केव्हाच संपली, संयोजक हात दाखवताहेत. एक शेवटचं. आई घरीच आहे, शाळेपासून पाच मिनिटांवर, जुनंच घर. मेळावा आटोपला की चहाला या. मॉरिशस कसं होतं, ते तिला विचारा. ती पहिल्यापासून सगळ्यांना खरं तेच सांगते आहे. भजनी मंडळातल्या बायकांना मोरचूदसुद्धा माहीत आहे. फक्त ती मंडळी आपल्या ग्रुपवर नाहीत.